स्क्रिप्ट आधीच्या सभासदाची बाकी वाचते आणि मध्येच नको ते बोलते

रावपुरा_लेखनिक

सर्वांस नमस्कार. मी बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका पतपेढीत खात्यांचे काम पाहतो. मला जन्मतः दिसत नाही. कामावर जॉज आणि घरी एनव्हीडीए वापरतो; दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्रॅम. आमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये खाते क्रमांक टाकून एफ ८ दाबले की उजवीकडच्या चौकटीत सभासदाची बाकी येते, पण फोकस (कळा जिथे लागू होतात ती जागा) तिकडे जात नसल्यामुळे ती आपणहून कानावर पडत नाही. त्यासाठी दीड वर्षापूर्वी मी जॉजसाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे एका कळीवर चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिली. ती एफ ८ दाबते, 'डिले' फंक्शनला ५ हा आकडा देऊन अर्धा सेकंद थांबते आणि चौकटीतला मजकूर बोलते. (फंक्शनची नावे देवनागरीतच लिहीत आहे, दर दोन शब्दांनी आवाज बदलला की ऐकणाऱ्याचे हाल होतात.)

या महिन्यात वसुलीच्या दिवशी, सगळ्या शाखा एकाच सर्व्हरवर तुटून पडलेल्या असताना, एका काकूंनी बाकी विचारली आणि मी ऐकलेला आकडा त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, "अहो, एवढे पैसे असते तर मी कर्ज मागायला कशाला आले असते?" तो आकडा रांगेत त्यांच्या आधी उभ्या असलेल्या गृहस्थांचा होता. चूक तर झालीच, शिवाय एकाचा पैसा दुसऱ्याच्या कानावर गेला, याची मला जास्त लाज वाटली.

मी ५ चे १५ केले. आता एरवीही प्रत्येक खात्यामागे दीड सेकंद गप्प बसावे लागते आणि गर्दीच्या दिवशी कधीतरी पुन्हा तेच घडते. दुसरे दुखणे असे की या दीड सेकंदात खालच्या पट्टीतले घड्याळ, सर्व्हरशी जोडणी असल्याचा संदेश आणि कामाची टक्केवारी असे सगळे बोलले जाते. ते बंद करण्यासाठी मी थांबण्याआधी 'स्पीच ऑफ' आणि नंतर 'स्पीच ऑन' घातले. गुरुवारी दुपारी जॉज अचानक मुका झाला आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला तरी बोलेना. योग्य रीत कोणती, ते कृपया सांगावे.

दांडिया_बाजार

आधी मुकेपणाचे पाहू, कारण त्याचे कारण बहुधा सोपे आहे. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'स्पीच ऑफ' आणि 'स्पीच ऑन' यांच्या मध्ये कुठे 'रिटर्न' आहे का? चौकट सापडली नाही तर परत फिर, अशी ओळ सहसा असतेच. त्या ओळीवरून स्क्रिप्ट परत फिरली की खालची 'स्पीच ऑन' ही ओळ कधी चालतच नाही. हिशेबाचा प्रोग्रॅम बंद करून उपयोग नाही, कारण मुका झाला आहे तो जॉज.

पट्टीच्या बडबडीसाठी स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी इन्सर्ट आणि एस दाबून पाहा. पडद्यावर नवे उमटलेले किती आपोआप बोलायचे हे ठरवणाऱ्या स्क्रीन इकोचे तीन पर्याय आहेत: काहीच नाही, फक्त ठळक झालेला मजकूर, आणि सर्व. तुमच्याकडे तो कधीतरी चुकून 'सर्व'वर गेला असेल तर पडद्यावर उमटलेले प्रत्येक अक्षर बोलले जाणारच.

रावपुरा_लेखनिक

दादा, 'रिटर्न' आहे! गुरुवारी मी चुकून दुसऱ्या खिडकीत असताना ती कळ दाबली होती. आणि स्क्रीन इकोही 'सर्व'वरच होता. तो बदलल्यावर घड्याळ थांबले, मात्र टक्केवारी आणि जोडणीचा संदेश अजून येतात.

जुना_डॉसवाला

जॉज १९८९ साली डॉस या विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीसाठी आला, आणि मी स्क्रीन रीडर शिकलो तोही डॉसवरच. त्या काळी एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले आणि पडद्यावरचा मजकूर स्मृतीतल्या ठरलेल्या जागी असे. तिथे पाहिले की अक्षर आहे किंवा नाही, एवढेच दोन प्रकार. आता तुमचा प्रोग्रॅम वेगळा, सर्व्हर वेगळा आणि स्क्रीन रीडर वेगळा. तुम्ही एफ ८ दाबता तेव्हा फक्त निरोप जातो. उत्तर केव्हा येईल हे तुमच्या स्क्रिप्टला ठाऊक नसते, आणि 'डिले ५' म्हणजे तिने बांधलेला अंदाज असतो. तो अंदाज दीड वर्ष बरोबर आला, याचे श्रेय तुमच्या सर्व्हरला द्यावे.

म्हणून थांबणे घड्याळावर न ठेवता अटीवर ठेवा. एफ ८ दाबण्यापूर्वी चौकटीतला आकडा एका चलात ठेवा. मग एक लूप, म्हणजे त्याच आज्ञांच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या, चालवा: एक दशांश सेकंद थांबा, चौकट पुन्हा वाचा, आकडा बदलला असेल तर बोलून बाहेर पडा. लूपला मर्यादा घाला, समजा ४० फेऱ्या, म्हणजे साधारण चार सेकंद. तेवढ्यात बदल झाला नाही तर "बाकी अजून आलेली नाही" असे बोलायला लावा. जुना आकडा कोणत्याही परिस्थितीत बोलता कामा नये. प्रत्येक फेरीत 'इज की वेटिंग' हेही तपासा. तुम्ही दरम्यान दुसरी कळ दाबली असेल तर तुम्हाला ती बाकी आता नको आहे असे समजून स्क्रिप्टने निमूटपणे बाजूला व्हावे. यातला फायदा असा की एरवी उत्तर दोन दशांशात येत असेल तर तुम्ही दोनच दशांश थांबाल.

मांजलपूर_०२

एवढा खटाटोप कशाला? मी ३० ठेवतो, आजवर अडचण आली नाही. सगळे असेच करतात.

जुना_डॉसवाला

दिवसाला दहा खाती पाहणाऱ्याने ३० ठेवायला हरकत नाही. दोनशे खाती पाहणारा माणूस दररोज दहा मिनिटे नुसता थांबून राहील, आणि सर्व्हरला चौथा सेकंद लागला की काकू पुन्हा समोर उभ्या राहतील.

रावपुरा_लेखनिक

लूप लिहिला. सोमवार आणि मंगळवार उत्तम गेले. आज एक विचित्र गोष्ट झाली. नव्याने उघडलेली सहा बचत खाती एकामागून एक पाहत होतो. पहिल्याची बाकी शून्य आली, आणि पुढच्या पाचही खात्यांना चार सेकंद थांबून "बाकी अजून आलेली नाही". चौकट हाताने वाचली तर प्रत्येकात शून्य व्यवस्थित आलेले होते.

जुना_डॉसवाला

चूक माझी. शून्यामागून शून्य आले तर 'बदल' असा काही होतच नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

कारेलीबाग_स्क्रिप्टकार

मला वाटते या धाग्याचे मर्म इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपण ज्याची वाट पाहतो ते 'काहीतरी बदलणे' नसते, 'माझ्या प्रश्नाचे उत्तर येणे' असते. म्हणून अट अशी शोधावी जी उत्तराला प्रश्नाशी बांधते. तुमच्या चौकटीत बाकीबरोबर खाते क्रमांक किंवा सभासदाचे नावही येते का? येत असेल तर लूपमध्ये आकड्याकडे पाहूच नका. चौकटीतला खाते क्रमांक तुम्ही टाकलेल्या क्रमांकाशी जुळला की मगच शेजारची बाकी वाचा. दोन्ही बाक्या शून्य असल्या तरी क्रमांक वेगळे असतात.

यातही एक बारीक फट राहते. काही प्रोग्रॅम आधी क्रमांक लिहितात आणि बाकी त्यानंतर भरतात, त्यामुळे नवा क्रमांक आणि जुनी बाकी असा क्षण येऊ शकतो. तुमचा प्रोग्रॅम तसे करतो का, हे पाहण्यासाठी क्रमांक जुळल्यावर बाकी दोनदा, एक दशांश सेकंदाच्या अंतराने वाचा आणि दोन्ही वेळा सारखी असेल तरच बोला. पूर्ण हमी यातही नाही, पण काम चालू असल्याचा संदेश नाहीसा होणे ही तिसरी अट जोडता आली तर मी निर्धास्त होईन.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये क्रमांक नसता तर मी एफ ८ च्या आधी जुनी चौकट रिकामी करण्याची सोय आहे का ते शोधले असते. पुष्कळदा एस्केपने ती रिकामी होते. रिकाम्या चौकटीत शून्य उमटणे हाही बदलच असतो.

रावपुरा_लेखनिक

ताई, चौकटीच्या वरच्या ओळीत क्रमांक आणि नाव दोन्ही येतात. दीड वर्ष मी ती ओळ वाचलीच नव्हती, कारण मला फक्त बाकी हवी होती.

प्रतापनगर_पायथन

घरी एनव्हीडीए वापरता म्हणालात, म्हणून तिकडची बाजू मांडतो. प्रश्न तोच असला तरी खड्डे वेगळ्या जागी आहेत.

पहिला खड्डा एककाचा आहे. जॉजमध्ये 'डिले' आणि 'शेड्यूल फंक्शन' दशांश सेकंदात मोजतात. एनव्हीडीएमध्ये 'कोअर डॉट कॉल लेटर' मिलिसेकंदात मोजते. इकडचे ५०० तिकडे नेले तर जॉज पन्नास सेकंद बसून राहतो, आणि तिकडचे ५ इकडे आणले तर काम पाच मिलिसेकंदांत, म्हणजे व्यवहारात लगेच, उरकले जाते. मी या दोन्ही चुका केल्या आहेत, आणि पहिल्या वेळी संगणकच बिघडला असे समजून कारागिराला फोनही लावला होता.

दुसरा खड्डा 'टाइम डॉट स्लीप'. एनव्हीडीएचा मुख्य धागा (इथे चर्चेचा धागा नव्हे, प्रोग्रॅमचा) एकच असतो आणि त्यावरच कळा, फोकस आणि बोलणे सगळे हाताळले जाते. त्यावर दोन सेकंद झोप काढली तर दोन सेकंद अख्खा स्क्रीन रीडर झोपतो; तुम्ही दाबलेल्या कळाही तोवर खोळंबतात. त्यामुळे जॉजसारखा लूप इथे तसाच लिहू नये. एक छोटे फंक्शन लिहावे, जे अट तपासते, पूर्ण झाली असेल तर बोलते, नसेल तर 'कॉल लेटर'ने स्वतःलाच शंभर मिलिसेकंदांनंतर पुन्हा बोलावते, आणि दर खेपेस उरलेल्या फेऱ्यांचा आकडा एकने कमी करते. पुन्हा जागे झाल्यावर पहिली तपासणी अशी असावी की फोकस अजून त्याच प्रोग्रॅममध्ये आहे का. नाहीतर तुम्ही मेल वाचायला गेलात आणि मध्येच कोणाची तरी बाकी ऐकू आली, असे होईल.

नको असलेल्या बोलण्याबद्दल: 'स्पीच डॉट कॅन्सल स्पीच' हे आत्तापर्यंत रांगेत असलेले बोलणे पुसते. त्यानंतर येणाऱ्या बोलण्यावर त्याची सत्ता नाही. फोकस बदलल्याची घटना तुमच्या ओळीनंतर वीस मिलिसेकंदांनी आली तर ती खुशाल बोलणार. मग लोक पुन्हा थोडे थांबून 'कॅन्सल' करतात, म्हणजे पुन्हा घड्याळाचा अंदाज, आणि शिवाय त्या पुसण्यात एखादी महत्त्वाची सूचना वाहून जाते.

स्क्रिप्टआधी मांडणी पाहावी, हे दांडिया बाजारच्या दादांचे म्हणणे इथेही लागू आहे. एनव्हीडीएची ठरलेली कळ आणि यू दाबून प्रगतीपट्टीचे बोलणे बंद करता येते किंवा त्याच्या जागी बीप घेता येतो; तीच कळ आणि ५ ने आपोआप बदलणाऱ्या मजकुराची घोषणा थांबते. दुसरी कळ जपून वापरा, कारण तिने हवे असलेले बदलही गप्प होतात.

सूरसागर_ब्रेल

एक विनंती. मी ब्रेल पट्टी (पडद्यावरची ओळ बोटांखाली उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारे यंत्र) वापरणारा आहे आणि इतरांची ॲड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएला जोडायच्या पुरवण्या, माझ्याकडे आली की हमखास हा त्रास होतो. बोलणे नको म्हणून लोक फोकस आल्यावर चालणारे 'इव्हेंट गेन फोकस' लिहितात आणि ती घटना पुढे सोपवणाऱ्या 'नेक्स्ट हँडलर'ला बोलावतच नाहीत. तुमच्या कानाला शांतता मिळते, पण माझ्या बोटांखाली आधीचीच ओळ राहते, कारण ब्रेल ताजे करण्याचे कामही त्याच घटनेच्या पुढच्या टप्प्यात होते.

ज्या वस्तूचे फक्त बोलणे नको असेल तिच्यासाठी ओव्हरले क्लास (फक्त त्या वस्तूचे वागणे बदलणारा थर) लावून त्यातले 'रिपोर्ट फोकस' तेवढे रिकामे ठेवावे. ते केवळ बोलण्याचे काम करते. फोकसची घटना आपल्या वाटेने पुढे जाते आणि ब्रेल जागच्या जागी राहते.

प्रतापनगर_पायथन

मान्य. माझ्या दोन ॲड-ऑनमध्ये हीच चूक आहे. या रविवारी दुरुस्त करतो.

कारेलीबाग_स्क्रिप्टकार

जॉजमध्ये उरलेल्या टक्केवारीसाठीही हेच तत्त्व. तोंड बंद करण्याऐवजी जिथून शब्द निघतो तिथे जा. तुमच्या प्रोग्रॅमच्या स्क्रिप्ट फाइलमध्ये 'से नॉनहायलायटेड टेक्स्ट' या नावाचे फंक्शन लिहा. मजकूर कोणत्या खिडकीतून आला ती खिडकी आणि मजकूर, दोन्ही त्याच्या हाती येतात. खिडकीचा क्लास (तिच्या प्रकाराचे नाव) खालच्या पट्टीचा असेल तर परत फिरा, नसेल तर त्याच नावाच्या फंक्शनला आतून बोलवा, म्हणजे जॉजच्या मूळ फाइलमधले फंक्शन नेहमीसारखे चालेल. ही शेवटची हाक विसरलात तर त्या प्रोग्रॅममध्ये अशा वाटेने येणारे काहीच बोलले जाणार नाही आणि तुम्ही पुन्हा मुकेपणाची तक्रार घेऊन याल. तसेच, 'स्क्रीन इको' आता खाली आणल्यामुळे हा मजकूर कोणत्या घटनेतून येतो ते आधी शोधा. कदाचित तो दुसऱ्याच दाराने येत असेल. संशय असलेल्या प्रत्येक फंक्शनमध्ये तात्पुरते एक अक्षर बोलायला लावले की दार सापडते. मी तिथे 'क', 'ख', 'ग' ठेवते.

टक्केवारी मुळीच नको असे नसेल, फक्त शेवटची हवी असेल, तर 'शेड्यूल फंक्शन' उपयोगी पडते. ते एक क्रमांक परत देते; तो जागतिक चलात ठेवायचा. नवी टक्केवारी आली की 'अनशेड्यूल फंक्शन'ने जुनी योजना रद्द करून पाच दशांशांची नवी लावायची. आकडे भराभर येत राहतात तोवर काहीच बोलले जात नाही. ते थांबले की शेवटचा एकच ऐकू येतो. फंक्शन चालून गेल्यावर चल शून्य करायला विसरू नये.

अलकापुरी_वेब

मी वेब पाने बनवतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून एकच गोष्ट. आमच्यापैकी पुष्कळजण घड्याळालाही 'एरिया लाइव्ह' (इथला मजकूर बदलला की बोल, असे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) लावून त्याचे मूल्य 'असर्टिव्ह' ठेवतात, म्हणजे ते चालू बोलणे तोडून मध्ये घुसते. साध्या बदलाला 'पोलाइट' पुरते आणि घड्याळाला काहीच लागत नाही. तुमचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालणारा असता तर स्क्रिप्टआधी बनवणाऱ्याला पत्र लिहा असे म्हटले असते.

रावपुरा_लेखनिक

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. मध्ये नवरात्र होते. संध्याकाळनंतर गल्लीतल्या गरब्याच्या भोंग्यांपुढे कोणताच स्क्रीन रीडर ऐकू येत नाही, त्यामुळे घरचे काम अडले.

खाते क्रमांक जुळण्याची अट लावली. आमचा प्रोग्रॅम खरोखरच आधी क्रमांक लिहितो आणि बाकी मागून भरतो. हे एनव्हीडीएच्या नोंदीतून कळले. कार्यालयाच्या परवानगीने चाचणीच्या संगणकावर नोंदीची पातळी 'इनपुट आउटपुट' केली, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ आणि बोललेला प्रत्येक शब्द मिलिसेकंदासह लिहिला जातो. एरवी दोहोंत जाणवण्याजोगे अंतर नव्हते, गर्दीच्या वेळी मात्र ते चांगले रुंदावत होते. ताईंची दोनदा वाचण्याची सूचना नसती तर मी नव्या नावाखाली जुनी बाकी सांगितली असती, आणि नाव बरोबर असल्यामुळे माझा त्यावर अधिकच विश्वास बसला असता. काम चालू असल्याचा संदेश जाण्याची तिसरी अटही जोडली आहे. नोंदीची फाइल लगेच पुसली, कारण तिच्यात सभासदांची नावे आणि आकडे उघडे होते. इथे नोंदी चिकटवणाऱ्यांनी याची काळजी घ्यावी.

वसुलीच्या दिवशी चार-पाच वेळा "बाकी अजून आलेली नाही" ऐकले आणि तसे सांगून सभासदांना बाकावर बसवले. रोखपालांना वाटते की माझा संगणक मंद झाला आहे.

आता एकच अडचण. खालच्या पट्टीचे सगळे बोलणे मी क्लास पाहून बंद केले होते. काल सर्व्हरशी जोडणी तुटली. तो संदेशही त्याच पट्टीत येतो, म्हणून मला तो कळलाच नाही आणि तीन व्हाउचर पुन्हा भरावी लागली. तुटल्याचा संदेश ओळखून तेवढाच बोलू द्यावा का?

कारेलीबाग_स्क्रिप्टकार

तसे करू नका. त्या संदेशाचे शब्द पुढच्या आवृत्तीत बदलले, किंवा तुम्ही कधी न पाहिलेला चौथाच संदेश आला, तर तो गिळला जाईल. अट उलटी करा. पट्टीतून आलेला मजकूर नुसते आकडे आणि टक्क्याचे चिन्ह असेल तर गप्प राहा. जोडणी असल्याचा तो नेहमीचा एक संदेश अक्षरशः जसाच्या तसा असेल तर गप्प राहा. बाकी काहीही आले तर बोलू द्या. शब्द बदलले तर जास्तीत जास्त काय होईल, जुनी बडबड परत ऐकू येईल आणि तुम्ही ती ओळ दुरुस्त कराल.

दांडिया_बाजार

आणि जुन्या स्क्रिप्टमधली 'स्पीच ऑफ'ची ओळ अजून तिथेच असेल तर ती आजच काढून टाका.

रावपुरा_लेखनिक

होती. शेरा म्हणून, म्हणजे न चालणारी ओळ करून, ठेवली होती, आता काढली.